हंसाची सीट

मुरब्यात गरम होणाऱ्या सीटची गाडी आली तेव्हा अख्खं गाव पोट धरून हसलं होतं. हसणारच. जिथे मे महिन्यात गाडीच्या दाराला हात लावला तरी चटका बसतो, तिथे बुडाखाली शेगडी घेऊन बसायला कोण जाणार? मेहुलने ती गाडी केळव्याच्या एका बंगलेवाल्याकडून घेतली होती. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं समुद्र बघायला उतरतात, त्यांना ने-आण करायला ऐसपैस गाडी हवी, एवढाच त्याचा विचार. सीटच्या कडेचं ते छोटं बटण त्याने धड पाहिलंही नव्हतं. पाहिलं ते त्याच्या बापाने, जानूने. त्याने दाबलं, काहीच झालं नाही, पुन्हा दाबलं, तरी काही नाही. बंद पडलेली वस्तू डोळ्यांसमोर आली की जानूला घास गोड लागत नसे. पण त्या वेळी मेहुलनेच हात जोडले. "बाबा, गरम शीट नीट करून पावन्यांना भाजून काढायचं हाय काय? राहू द्या ती."

जानूचा जन्म बोटीच्या इंजिनाशेजारी गेला होता. तांडेल वर उभा राहून हुकूम सोडायचा, खलाशी जाळी ओढायचे, आणि जानू खाली डिझेलच्या धुरात, कानात कापूस कोंबून इंजिनाचा आवाज ऐकत बसायचा. समुद्रावर गॅरेज नसतं आणि खाऱ्या हवेला कशाचंच वावडं नसतं. ती स्विच खाते, फ्यूज खाते, वायरीतलं तांबं हिरवं करून खाते. म्हणून बोटीवरच्या माणसांची एक जुनी रीत आहे. बिघडलेलं मधलं सगळं उपटून फेकायचं आणि बॅटरीची वायर थेट दिव्याला, थेट पंपाला जोडायची. याला म्हणतात डायरेक्ट करणं. मुरब्याच्या नाहीतर पलीकडच्या सातपाटीच्या कुठल्याही बोटीत डोकावा, निम्मी बोट डायरेक्ट असते. भर वादळात आत शिरलेलं पाणी उपसायचा पंप बंद पडला, तेव्हा जानूने तो असाच डायरेक्ट केला आणि बोट घरी आणली, ही गोष्ट गावातली माणसं अजून सांगतात. जानू स्वतः सांगत नाही, पण कोणी सांगायला लागलं की उठूनही जात नाही.

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि जानू घरी बसला. घर मात्र बसलं नव्हतं, कारण घरात हंसा होती.

हंसा बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. पहाटे बंदरावर लिलाव, मग रिक्षात पाट्या चढवून बाजार, आणि दुपारी मोकळ्या पाट्या घेऊन परत. तिच्या हाताची बाजारात ख्याती होती. सरंग्याच्या पोटावर हाताचा मागचा भाग टेकवला की ती सांगायची, हा बर्फातून कधी निघाला, मध्ये उन्हात राहिला का, रात्री पुन्हा बर्फात घातला का. व्यापारी तिच्यापुढे खोटं बोलायला धजत नसत. जानू तर म्हणायचा, आपल्या घरात ताप मोजायच्या काडीचं काम नाही, पोराच्या कपाळाला हंसाचा हात लागला की झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गरम की थंड, ताजं की शिळं, खरं की खोटं, यात हंसा म्हणेल तेच जानूचं शेवटचं. त्याला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

तिची कंबर दुखायला लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, पाट्या उचलून दुखते. शेक झाला, तेल झालं, गावातल्या जमुनाबाईचं चोळणं झालं. मग मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात फोटो काढले आणि तिथल्या डॉक्टरने मेहुलला बाजूला घेऊन सांगितलं की मणक्यात गाठ आहे, आणि ती चांगली गाठ नाही. मेहुलने घरी येऊन बापाला सांगितलं. जानू ओट्यावर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काढायची कशी?" नळीत अडकलेला कचरा काढायचा असतो, तशाच सुरात. मेहुलला तिथेच रडू फुटलं.

तेव्हापासून मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. दर काही आठवड्यांनी सुई, तपासणी, पुन्हा सुई. डॉक्टरने एक गोष्ट मात्र दरवेळी बजावली होती. पाय लटके पडले, पायात बधिरपणा आला, तर फोन करत बसू नका, असाल तसे निघा. त्यात उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. जानूने ती गोष्ट काळजात कोरून ठेवली. रोज सकाळी हंसा भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची, तेव्हा तो चहाचा कप हातात घेऊन तिच्या पावलांकडे बघायचा. पाऊल नीट पडतंय. अंगठा घासत नाही. मग कुठे चहाचा घोट घशाखाली उतरायचा.

पण खेपा तिला सोसत नव्हत्या. बोईसर ओलांडून हायवेला लागेपर्यंतच खड्डे तिचा जीव काढायचे. ती ओरडणारी बाई नव्हे. ओठ दाबून बसायची आणि डोळ्यांतून पाणी गळत राहायचं. एकदा घरी परतल्यावर ती म्हणाली, "शेक दिला की बरं वाटते. गाडीत कुठं शेक मिळनार?" आणि जानूच्या डोक्यात ते बटण आठवलं.

त्याने सीट गाडीतून उपटून अंगणात आणली, तिची कातडी खोळ उसवली, तर आत फोममध्ये चटईसारखी एक तारेची जाळी निघाली. बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, एवढं बोटीवरचं हत्यार घेऊन तो तारेच्या एका टोकापासून चाचपत गेला. जिथपर्यंत बल्ब पेटतो तिथपर्यंत तार जिवंत, जिथे विझतो तिथे मेली. एका वळणावर ती तुटली होती. त्याने तिथे कथलाचा डाग दिला, वर कापडी पट्टी गुंडाळली, सीटखालच्या प्लगची हिरवट पुटं खरवडून काढली आणि बटण दाबलं. थोड्या वेळाने सीट कोमट झाली. हंसाला त्यावर बसवलं. तिने पाठ टेकली आणि म्हणाली, "अगं बाय गं, चुलीपुढं बसल्यावानी वाटते!"

ती खेप तिने झोपून काढली. मेहुल घामाने निथळत गाडी चालवत होता, काचा खाली केलेल्या, आणि शेजारी आई ऊब घेत घोरत होती. गावाचं हसू बंद झालं. जानूच्या अंगावर मूठभर मांस चढलं ते वेगळंच. गाठ काढणं त्याच्या हातात नव्हतं, पण सीट होती, आणि सीट त्याने केली होती.

आणि मग मागच्या खेपेला ती म्हणाली, "शीट थंड हाय."

मेहुलने बटण पाहिलं, दिवा लागलेला होता. तो म्हणाला, तापेल थोड्या वेळाने. तापली नाही, म्हणजे तिला लागली नाही. परत येताना तिची अवस्था बघवत नव्हती. घरी आल्यावर तिने जाहीर केलं, "शीट नीट झाल्याबिगर मी परत गाडीत पाय ठेवनार नाय." सगळ्यांना वाटलं, वैतागून बोलतेय. पण पुढच्या खेपेचा दिवस उद्यावर आला तरी तिचं तेच. सून रिद्धीने समजावलं, मेहुल चिडला, मग पाया पडला. हंसा भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "शीट नीट करा, मग बोला."

तेव्हा सगळ्यांनी जानूकडे पाहिलं. आणि खरं सांगायचं तर जानूला बरं वाटलं. इतके महिने घरात जे काही चाललं होतं त्यातलं एक तरी काम आता त्याच्या हातातलं होतं.

सकाळपासून तो त्या सीटला भिडला. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. प्लग पाहिला, पुन्हा थोडा हिरवा झाला होता, तो घासून लख्ख केला. खोळ उसवून बल्ब लावला, तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जिवंत. जुना डाग धरून ओढला, हलला नाही. मग बटण दाबून हात ठेवला. सीट कोमट झाली. त्याला हायसं वाटलं. रिद्धीने आणि त्याने हंसाला धरून आणलं, अंगणात बाजेशेजारी ठेवलेल्या सीटवर बसवलं. गाडीतून लांबवर ओढलेली वायर त्याने पायाने बाजूला सरकवली.

"लागते?"

हंसाने डोळे मिटले. मग मान हलवली. "थंडच हाय वो."

जानूने तिच्या मांडीखाली हात सरकवला. कोमट होतं. त्याने हात काढला, परत घातला. कोमटच होतं. पण हंसा म्हणतेय थंड, म्हणजे थंड. त्याचे हात डिझेलने आणि दोरांनी राठ झालेले. त्या हातांना काय कळतं? त्याने स्वतःलाच शिवी हासडली आणि तिला पुन्हा आत नेऊन निजवलं.

दुपारी त्याने आनंदाला बोलावलं. आनंदा मूळचा सांगलीकडचा, बोईसरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकचं काम बघायचा. इकडे आला तेव्हा मासळीच्या वासाने नाक दाबायचा; हंसाने त्याला बाजारात दम देऊन देऊन बोंबील खायला शिकवले होते, आणि तेव्हापासून तो या घरचा झाला होता. पहिली पाळी संपवून तो थेट आला. कारखान्याची निळी पँट तशीच अंगावर. त्याने मीटर लावला, आकडे पाहिले, बटणं फिरवली. मग हात पुसत उभा राहिला.

"काका, सीटला काही झालेलं नाही."

"असं कसं? तिला ऊब लागत नाय."

"तार बरोबर, करंट बरोबर. हे बघा, गरम होतेय की. मी बसून बघतो." तो बसला. "होतेय गरम. चांगली होतेय."

"तू जवान मानूस. तुझं अंगच गरम."

"मावशींना परत एकदा विचारा ना. नक्की काय होतंय त्यांना, ते विचारा."

जानूचं टाळकं सटकलं. सकाळपासून उपाशी होता, डोळ्यांत घाम जात होता, उद्याची खेप डोक्यावर बसली होती. "काय विचारू? जिनं जलमभर हाताच्या पाठीनं बर्फ वळखला, तिला गरम-थंड मी शिकवू?"

आनंदा ओशाळला. त्याने सीटमधला एक बटणाएवढा तुकडा दाखवला. सीट ठरावीक तापली की हा करंट तोडतो, थंड झाली की परत जोडतो. फार तर हा जरा लवकर तोडत असेल, म्हणाला. उद्या नवा मिळतो का बघतो. निघताना जानूचा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो फाटकातून वळून म्हणाला, "पण काका, हा तुकडा काढून डायरेक्ट करू नका हं. ही बोट नाही. माणूस बसायचंय त्याच्यावर."

"जा रे तू," जानू म्हणाला.

उद्या! उद्या सकाळी तर निघायचं होतं. आत हंसा कण्हत नव्हती, बोलत नव्हती, हे त्याला कण्हण्यापेक्षा भारी जात होतं. रिद्धी दोनदा जेवायचं ताट घेऊन आली आणि दोनदा परत गेली. अंगणापलीकडे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, कावळे हाकलायला कोणी नाही. जानू त्या उघड्या सीटपुढे मांडी घालून बसला आणि त्या बटणाएवढ्या तुकड्याकडे बघत राहिला. एवढासा तुकडा! याच्यापायी हंसा जाणार नाही, सुई चुकणार, गाठ वाढणार. खाऱ्या हवेने सगळी यंत्रं बिघडवायची आणि माणसांनी नव्या तुकड्याची वाट बघत बसायचं? भर समुद्रात तो कधी वाट बघत बसला होता?

त्याने पक्कड घेतली आणि तो तुकडा कापून टाकला. वायरीची टोकं सोलताना बोट कापलं, ते त्याने तोंडात घालून चोखलं आणि पीळ घातला. बटण नाही, तुकडा नाही. बॅटरी आणि तार. डायरेक्ट.

मग तो स्वतः बसून राहिला. हळूहळू खालून चटका वर आला, आणि तो उठून उभा राहिला तेव्हा हसत होता. सकाळपासून पहिल्यांदा.

"रिद्धी! आन तिला!"

हंसाला आणून बसवलं. जानू तिच्यासमोर उकिडवा बसला, गुडघे करकरले तरी. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानशिलावरून ओघळणारा घाम, कापलेलं बोट, सदऱ्याला लागलेलं कथील आणि वंगण. ती खूप वेळ बघत राहिली.

"लागते?" त्याने विचारलं. आवाज भिकाऱ्यासारखा झाला होता, त्याचं त्यालाच कळलं.

"हां," हंसा म्हणाली. "आता लागते. बरं वाटते."

"खरं?"

"खरं वो. चुलीपुढं बसल्यावानी. जा, जेवून घ्या."

जानूला काय करावं सुचेना. त्याने रिद्धीच्या डोक्यावर हात ठेवला, झोपलेल्या मेहुलला हाक मारून उठवलं, सकाळी लवकर निघायचं म्हणून सांगितलं. ताटावर बसला आणि भाताचा ढीग संपवला. मग वलांड्यांवरचे बोंबील काढायला गेला, कारण ऊन उतरत होतं आणि आज त्याच्या अंगात बळ आलं होतं. शेजारच्या जमुनाबाईने कुंपणावरून विचारलं, "शीट झाली का रे?" तर तो म्हणाला, "होनार नाय तर काय!" हंसा सीटवर बसून त्याच्याकडे बघत होती. त्याने तिच्याकडे हात हलवला, तिनेही हलवला.

बोंबील टोपलीत भरून तो परत आला तेव्हा त्याला जळका वास आला. रबर जळाल्याचा. तो धावला, बॅटरीची वायर हिसडून काढली. "उठ, उठ! रिद्धी, धर तिला!" दोघांनी तिला उठवलं. सीटच्या खोळीवर एक काळपट डाग पडला होता.

"भाजलं काय गं तुला?"

"नाय," हंसा म्हणाली. "मला कुठं काय भाजलं?"

रिद्धीने तिला आत नेलं. आणि आतून रिद्धीची किंकाळी आली. जानू दारात गेला तर रिद्धी तोंडावर हात दाबून उभी होती, हंसा बाजेवर कुशीला पडलेली, लुगडं बाजूला केलेलं. मांडीच्या मागे आणि बैठकीवर लाल नागमोडी रेघा उठल्या होत्या. तारेच्या जाळीची नक्षी, जशीच्या तशी. वळणं मोजून घ्यावीत अशी स्पष्ट. आणि रेघांवर पाण्याने भरलेले टपोरे फोड.

जानूने बोट पुढे केलं आणि एका फोडाच्या कडेला टेकवलं. हंसा हलली नाही. त्याने दाबलं. ती हलली नाही. ती भिंतीकडे बघत होती.

मग त्याला कळलं. तो बाजेच्या कडेला जमिनीवर बसला. सीट चांगली होती. सकाळीही चांगली होती, मागच्या खेपेलाही चांगली होती. आनंदा बरोबर बोलत होता, त्याचा स्वतःचा राठ हात बरोबर सांगत होता. बल्ब लावून तो सकाळपासून ज्या तारेत करंट शोधत होता ती तार जिवंत होती. मेलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि त्याला बल्ब लागत नाही. आणि तो रोज तिची पावलं बघत होता! पावलं चालत होती, म्हणून तो चहा पीत होता.

"हंसा," तो म्हणाला. "कधीपासून?"

ती भिंतीचा पोपडा नखाने खरवडत राहिली.

"हंसा, तुला माजी आन हाय. कधीपासून लागत नाय?"

"मागल्या खेपेला मलाबी शीटच वाटली," ती भिंतीशी बोलावं तशी म्हणाली. "मंग घरी आल्यावर दुपारी ओट्यावर बसली. लादी उन्हानं तापलेली, जमुना ओरडली, अगं पोळशील. मला तेबी थंड. तवा कळलं."

"मंग सांगितलं का नाय? डाक्टर काय बोलला व्हता? आं? काय बोलला व्हता?" जानू ओरडत होता. मेहुल मागे येऊन उभा राहिला होता. "आज सकाळधरून मी त्या शीटीचा जीव घेतो हाय आनि तू, तू बगत बसलीस? अगं मला सांगायचं तरी!"

हंसाने मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, थकवा होता नुसता.

"काय सांगू? शीट बिघडली म्हटलं तर तुमी नीट करता. मी बिघडली म्हटलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

जानूने बाजेच्या पट्टीवर कपाळ आपटलं, एकदा, दोनदा. मेहुलने त्याला धरलं. मोठ्या म्हाताऱ्या माणसाने असं रडावं, हे रिद्धीने कधी पाहिलं नव्हतं. ती पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. जानू रडता रडता हंसाच्या फोडांवर फुंकर घालत होता. तिला ती लागत नव्हती, तरी घालत होता.

मेहुलने इस्पितळात फोन लावला. तिकडून फार काही विचारलं नाही, आत्ताच्या आत्ता निघा म्हणाले. उद्याची खेप ती राहिलीच नाही. जानूने अंगणातली ती सीट लाथेने बाजूला केली आणि पुढची जागा तशीच भकास मोकळी असलेल्या गाडीत मागच्या सीटवर गोधड्या अंथरल्या. हंसाला कुशीवर निजवलं, डोकं त्याच्या मांडीवर. रिद्धी तिचे पाय सावरायला बसणार होती, पण जागा पुरेना; ती उतरून फाटकाशी राहिली. जमुनाबाई पदर तोंडात धरून उभी. या वेळी गाडीत बसायला हंसाने नाही म्हटलं नाही.

बोईसरला पोहोचले तेव्हा कारखान्यांची पाळी सुटली होती. शिफ्टच्या बसगाड्या, रिक्षा, सायकली, पायी निघालेली माणसं, सगळा रस्ता गच्च. मेहुल हॉर्नवरून हात काढत नव्हता. एका बसवाल्याने खिडकीतून डोकं काढून हिंदीत शिवी दिली, मेहुलने काच खाली करून ओरडून सांगितलं, "माँ है पीछे, भाई! हटा ना!" बसवाल्याने बस थोडी कडेला घेतली, पण पुढे दुसरी होती. जानू खिडकीबाहेर बघत होता. इतकी माणसं घरी चालली होती. त्यांच्यातल्या कोणाला तरी उतरून हात जोडावेत असं त्याला वाटत होतं, पण कोणाला आणि काय म्हणून, ते समजत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा डॉक्टरचे शब्द मनात म्हणत होता. गेलेलं परत येत नाही. पण सगळं गेलं नसेल. पाय चालतायत ना अजून. पाय तरी असतील.

"दुखते काय?" त्याने विचारलं.

"नाय."

या 'नाय'चा आता काय अर्थ घ्यायचा, ते त्याला कळेना. इतकी वर्षं या बाईच्या एका शब्दावर त्याने घर चालवलं होतं. तिने ताजं म्हटलं की ताजं, ताप नाही म्हटलं की नाही. आता तिच्याच शब्दाखाली काय आहे हे बघायला त्याला बल्ब हवा होता.

गाडी जरा हलली, परत थांबली. जानूने ठरवलं, स्वतःच बघायचं. तिच्या पावलाला चिमटा काढायचा, जोरात, आणि तिच्या तोंडाकडे बघायचं. त्याने तिचं डोकं एका हाताने सावरलं आणि दुसरा हात पायाकडे लांबवला.

"हंसा, ऐक. मी तुज्या पायाला चिमटा काढतो हाय. लागला की सांग."

"बरं."

गाडीला धक्का बसला. जानूला मेहुलच्या सीटचा आधार घ्यावा लागला, त्याचा हात तिच्या गुडघ्याच्याही अलीकडे होता, हवेतच.

"हां," हंसा डोळे मिटून म्हणाली, "लागला. चांगला लागला."

जानूने हात मागे घेतला. तो तिच्या केसांवर ठेवला आणि मेहुलला म्हणाला, गाडी मिळेल तिथून काढ, पण काढ.